पालथं पडलं हो बाळ!

प्रमिला सिस्टर चिडल्या की शुद्ध मराठी बोलायच्या. एरवी त्यांचं बोलणं अस्सल वऱ्हाडी, बाभुळगावच्या बाजारात भाजी घेताना कानावर पडतं तसं. पण डोकं फिरलं, की "काहून बे" जाऊन एकदम "आपण कृपया" सुरू व्हायचं. आमच्या कॉलनीत एकदा कुणीतरी त्यांच्या फाटकासमोरच कार लावून ठेवली. सिस्टर ड्युटीवर निघायच्या घाईत. त्या शांतपणे त्या माणसासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "महोदय, आपले वाहन आपण येथून हलवावे, ही नम्र विनंती." त्या माणसानं कार तर हलवलीच, वर पुढं कित्येक महिने आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. आम्ही शेजारी त्यांच्याशी बोलताना कान टवकारून असायचो. "तुमी" म्हणाल्या की निर्धास्त. "आपण" म्हणाल्या की आपलं काहीतरी चुकलेलं आहे, हे नक्की.

सिस्टर निवृत्त होऊन लेकीकडं नागपूरला गेल्या आणि परवा त्यांच्या घरात नवे भाडेकरू आले. बरी माणसं आहेत, हळू बोलतात, दार हळू लावतात. मला मात्र करमेनासं झालं आहे. सिस्टर घरी आल्या हे कॉलनीला सांगावं लागत नसे. कोपऱ्यावरच त्यांच्या स्कुटीचा हॉर्न सुरू व्हायचा, तो फाटक उघडेपर्यंत थांबायचा नाही. समोर कुणी असो वा नसो. "सिस्टर, रस्ता तर मोकळा आहे," असं मी एकदा म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "मोकळा आहे, पन राहीनच मोकळा याची ग्यारंटी काय?"

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात त्या इंचार्ज सिस्टर होत्या. म्हणजे वॉर्डातला सलाईनचा स्टँड हलवण्यापासून रडणाऱ्या नातेवाइकाला गप्प करण्यापर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. रविवारी सुट्टी मिळाली तर पांढरी साडी नेसून सकाळी विहारात वंदनेला जायच्या आणि परत येताना चार घरची ब्लडप्रेशरं तपासत यायच्या. मी त्यांना शेजारीण म्हणून ओळखत होतो. वॉर्डातल्या सिस्टर मात्र मला कोरोनानं दाखवल्या. दुसऱ्या लाटेत मी तापलो, धाप लागली, आणि शेजारणीच्या वॉर्डातच जाऊन पडलो.

पहिल्या दिवशी मी घाबरलेला होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हॉलच्या एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, ऑक्सिजनचा सूंसूं आवाज, आणि पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या किटमध्ये झाकलेली माणसं. कोण डॉक्टर, कोण सिस्टर, काही कळेना. तेवढ्यात एक पांढरी आकृती दारातून आत आली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ए दारव्हा, मास्क नाकावर घे! हनुवटीनं श्वास घेतं का तू? पुसद, पानी पेलं का? वणी, रडू नको माय, तुह्या पोट्टीचा फोन येऊन राह्यला." मी ओळखलं. आवाज किटमध्ये झाकता येत नाही.

खाटांचे नंबर त्यांनी कधी वापरले नाहीत. माणूस ज्या गावचा, ते त्याचं नाव. एकाच तालुक्याचे दोघे आले तर मोठं उमरखेड आणि धाकटं उमरखेड. किटमुळं आपला चेहरा दिसत नाही, म्हणून स्वतःच्या पाठीवर त्यांनी मार्करनं "बाभुळगाव" लिहून ठेवलं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. यवतमाळचे पेशंट पुष्कळ, त्यामुळं मला गाव मिळालं नाही. "तुमी आपले भूगोल," असं म्हणून त्यांनी माझं नामकरण केलं. आख्ख्या जिल्ह्याचे तालुके मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो, पण ते खोकतात कसे आणि हसतात कसे, ते तिथं पाहिलं.

"बरं वाटते का?" असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. "बरं वाटते म्हनून बी लोक निजून राह्यतात," असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं होतं. या आजाराचा हाच कावा होता. माणूस बसून गप्पा मारायचा, सोयाबीनच्या भावावर वाद घालायचा, आणि बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा बोलता बोलता खाली उतरत जायचा. म्हणून सिस्टर तब्येत विचारायच्या नाहीत, "काय खाऊ वाटते?" असं विचारायच्या. आमची सगळ्यांची चव गेलेली. वरण काय आणि पाणी काय, सारखंच. मग त्यांनी घरून डबीत हिरव्या मिरचीचा ठेचा आणायला सुरुवात केली. रोज दुपारी जेवणाच्या वेळी ज्याला झेपेल त्याच्या ताटात बोटभर ठेचा पडायचा, आणि सिस्टर कमरेवर हात ठेवून समोर उभ्या. "झोंबला?" "नाही, बाई." "उद्या झोंबन." एके दिवशी दिग्रसची एक म्हातारी घास घेऊन क्षणभर थांबली, तिचे डोळे भरून आले, आणि ती मास्क बाजूला करून किंचाळली, "झोंबला वं माय, झोंबला!" सगळा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला. तिखट लागलं म्हणून एवढा आनंद झालेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता पालथं पडण्याची गोष्ट.

ज्यांचा ऑक्सिजन उतरतो त्यांनी पोटावर निजायचं, म्हणजे फुप्फुसाच्या मागच्या भागाला हवा मिळते. हे आमच्या तरुण डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. डॉक्टर पुण्याकडचे, हुशार आणि मनानं फार चांगले. एकेका पेशंटजवळ जीव तोडून थांबायचे. पण पहिल्या दिवशी ते मोठ्या उमरखेडला म्हणाले, "काका, तुम्हाला प्रोन व्हायचंय." काकांनी उशाखाली हात घातला, मोबाइल काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. "घ्या साहेब, फोन. पन ब्यालन्स नाही त्याच्यात." डॉक्टर फोन हातात धरून उभे. सिस्टर किटच्या आत हसून हसून वाकल्या. मग म्हणाल्या, "सर, असं सांगून होनार नाही. पालथं पडा म्हना."

शब्द कळला, पण पालथं पडायला कुणी तयार होईना. आमच्याकडं पोर पोटावर झोपलं तर आई धपाटा घालून त्याला सरळ करते. पोराबाळांना पालथं झोपू नको म्हणत ज्यांचा जन्म गेला, ती म्हातारी माणसं चारचौघांत स्वतः पालथी पडणार कशी? बायांना तर त्याहून अवघड. पदर सावरायचा की नळी?

यामागं सिस्टरांचं एक दुखणं होतं. पहिल्या लाटेच्या वेळी एका संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून त्यांनी ते मला सांगितलं होतं. घाटंजीकडची एक आजी. समोर पुरुषांच्या खाटा, म्हणून ती शेवटपर्यंत पालथी झाली नाही. सगळ्यांनी विनवलं. ती फक्त लुगडं घट्ट धरून मान हलवायची. "आजारानं कमी अन् लाजेनं जास्त गेली, सर," सिस्टर म्हणाल्या. "आता माह्या वॉर्डात लाजेपायी कोनी जानार नाही." बोलताना त्यांनी डोळे पुसले नाहीत. भिंतीवर उन्हाला ठेवलेली लोणच्याची बरणी उचलली आणि आत गेल्या.

दुसरी लाट आली तेव्हा त्यांनी बायांच्या खाटांभोवती चादरींचे आडोसे बांधून घेतले होते. आणि लाजेवर त्यांनी एक उपाय काढला. तान्हं बाळ पहिल्यांदा आपलं आपण पालथं पडलं की घरात केवढा आनंद होतो. आई ओरडून सासूला बोलावते, शेजारीपाजारी गोड जातं. सिस्टरांनी तोच थाट वॉर्डात सुरू केला. कुणी म्हातारा कुरकुरत एकदाचा पोटावर वळला की त्या हॉलच्या मध्यभागी उभ्या राहून आरोळी द्यायच्या, "पालथं पडलं हो बाळ!" मग टाळ्या, आणि बाळाला गुळाचा खडा. साखरेचा आजार असेल तर फुटाणे. सत्तरीतले पाटील लोक गुळाचा खडा चोखत पालथे पडलेले मी पाहिले आहेत. हसता हसता लाज कुठं गेली ते कुणाला कळलंच नाही. पुढं पुढं तर नवा पेशंट आला की जुनेच त्याला बजावायचे, "पड ना गा लवकर, आमाले टाळ्या वाजवाच्या आहेत."

सगळे वळले. वळले नाहीत ते एक गुलाबराव.

गुलाबराव पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातले. उभी हयात हायवेवर ट्रक चालवलेली. हैदराबादपर्यंतचा रस्ता झोपेत सांगतील असे. धिप्पाड शरीर, पांढऱ्या मिशा, आवाज इंजिनासारखा. माझ्या शेजारच्याच खाटेवर होते. ऑक्सिजन उतरत चाललेला, तरी पाठीवर उशा रचून ताठ बसायचे. डॉक्टरांनी मला ऐकू येईल इतक्या जवळून सिस्टरांना सांगितलं, "असंच चाललं तर व्हेंटिलेटर लागेल, आणि आत्ता एकही रिकामा नाही."

सिस्टर त्यांच्यापाशी गेल्या. गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, शेवटी शुद्ध मराठीसुद्धा काढली. गुलाबराव ढिम्म. मग त्यांनी कारण सांगितलं. "बाई, मी स्टेरिंगवर बसेल मानूस. समोरचं दिसलं पायजे मले. पालथा पडलो तं नुसती गादी दिसते. मांगून कोन येऊन राह्यलं, कोन चाललं, काही समजत नाही. जीव घाबरते माहा."

आम्ही हसलो नाही. त्यांच्या पलीकडची खाट आदल्या दिवशी रिकामी झाली होती आणि माणूस घरी गेला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. त्यांच्या घरी बायकोला ताप होता. आणखी दोघीतिघी वस्तीत खोकत होत्या. सिस्टर रोज फोन लावायच्या आणि स्पीकरवर टाकायच्या, म्हणून आम्ही सगळे ऐकायचो. पलीकडून बायकोचं एकच उत्तर. "दवाखान्यात गेलेलं मानूस वापस येत नाही, बाई. आमच्या गल्लीतले दोघं गेलते, दोघंही नाही आले. पयले आमच्या ह्यायले जित्ते घरी येऊ द्या. मंग मी येतो. मी आली तं ह्या बी येतीन." सिस्टर समजावून थकल्या. फोन ठेवला आणि गुलाबरावांकडं वळून बघितलं. हा एक माणूस पोचला तर मागची माणसं निघणार, नाहीतर घरातच बसणार. आम्हाला सगळ्यांना ते तेवढ्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांनी विचारलं, "पांढरकवडा, गाडी रिव्हर्स घेता तवा मांगचं कसं दिसते?"

"आरसा राह्यते ना."

"अन् आरसा लावून देला तं?"

सिस्टरांनी खाली चौकीदाराला फोन केला. थोड्या वेळानं वॉर्डबॉय वर आला, हातात सॅनिटायझरनं पुसलेला स्कुटीचा आरसा. सिस्टरांनी स्वतःच्या स्कुटीचा आरसा पाना लावून काढायला लावला होता! बँडेजच्या पट्टीनं तो त्यांनी खाटेच्या दांडीला खालच्या बाजूला बांधला, वाकून वाकून अँगल जमवला. पालथं पडलेल्या माणसाला त्यात आख्खा हॉल दिसेल, दारापर्यंत.

"आता बहाना नाही," त्या म्हणाल्या. "मी किलिंडर. गाडी घ्या मांगं."

आणि त्यांनी खाटेच्या पत्र्यावर हाताची थाप मारली, ट्रकचा क्लीनर मारतो तशी. "आन दो! आन दो! आन दो! डावी काटा... अजून काटा..." एका बाजूनं डॉक्टर, एका बाजूनं वॉर्डबॉय, नळी सांभाळत. तो धिप्पाड देह हळूहळू वळायला लागला. धाकटं उमरखेड आपल्या खाटेवरून ओरडलं, "आन दो!" मग दारव्हा, मग वणी, मग चादरीच्या आडून दिग्रसची म्हातारी. सगळा वॉर्ड खाटांचे पत्रे बडवत होता. मीही बडवत होतो. "आन दो! आन दो!" आणि सिस्टरांची शेवटची थाप पडली. "बस!"

गुलाबराव पालथे पडले होते. गाल उशीवर, डोळा आरशात.

"दिसते का मांगचं?"

"दिसते," उशीतून आवाज आला. "लाइन किल्येर आहे."

तेव्हा जी आरोळी उठली, ती एकट्या सिस्टरांची नव्हती. "पालथं पडलं हो बाळ!" आम्ही सगळे मिळून ओरडलो आणि नंतर सगळे मिळून खोकलो.

एका दिवसात काही झालं नाही. चमत्कार वगैरे काही नव्हता. रोज सकाळी आणि दुपारी तीच थाप, तीच रिव्हर्स. आकडा थोडा चढायचा, पुन्हा घसरायचा. मधे एक दिवस असा आला, की गुलाबरावांनी सिस्टरांचा हात धरला आणि म्हणाले, "बाई, आता गाडी साइडले उभी करू द्या. थकलो मी." डॉक्टर तोंड फिरवून उभे राहिले. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकल्या.

"मधात उभी करता? मांगं पाहा आरशात. तुमची बायको आहे मांगं, वस्तीतल्या बाया आहेत. तुमी रस्ता अडवून राह्यले. तुमी निघाल तं त्या निघतीन."

गुलाबरावांनी आरशात बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मारा थाप."

त्यानंतर आकडा चढत गेला. आधी मुंगीच्या पावलानं, मग बरा. एका दुपारी त्यांना ठेचा झोंबला आणि त्यांनी अशी सणसणीत शिवी हासडली, की सिस्टर म्हणाल्या, "चला, मानूस ठीक झाला." लाट ओसरत होती. खाटा रिकाम्या होत होत्या, आणि आता बहुतेक माणसं त्या सोडून आपल्या पायांनी जात होती. गुलाबरावांची आणि माझी सुट्टी एकाच दिवशी झाली. सिस्टरांनी गुलाबरावांच्या घरी फोन लावून एवढंच सांगितलं, "गाडी पाठवा. न्याले या."

सकाळी आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर उभे होतो. गुलाबराव धुतलेल्या धोतरात, मिशांना पीळ दिलेला, माझ्या खांद्यावर हात. सिस्टर किटमध्येच दाराशी आल्या होत्या. खरं तर त्यांना तिथं काही काम नव्हतं. फाटकातून एक काळीपिवळी जीप आत आली, गच्च भरलेली. पुढच्या सीटवरून एक बाई उतरली. किरकोळ, पदर तोंडाला गच्च बांधलेला, तापानं डोळे लाल. ती आमच्यापासून चार हात लांब थांबली आणि गुलाबरावांकडं पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली.

"चालता येते का तुमाले?" तिनं विचारलं.

गुलाबरावांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. पायऱ्या उतरले. त्या काळीपिवळीला एक अख्खा फेरा मारून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. धापा टाकत होते, पण उभे होते. सिस्टर एरवी ओरडल्या असत्या, त्या दिवशी ओरडल्या नाहीत.

बाईनं हात लांब करून नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. चांगला जोरात. गुलाबराव कळवळले. मग ती वळली आणि गाडीच्या मागच्या दाराकडं तोंड करून ओरडली, "उतरा वं सगळ्या! मानूस जित्ता आहे!"

दार उघडलं. एकामागून एक बाया उतरल्या, हातात पिशव्या, तांबे, गुंडाळलेल्या चादरी. एक म्हातारा उतरला. एक खोकणारी तरुण पोर उतरली. मी पाहत राहिलो. इतके दिवस जी माणसं फोनवर नाही म्हणत होती, ती आपल्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती, आणि त्यांना यायला उशीर झालेला नव्हता. इतका अभिमान मला आजवर कशाचाही वाटलेला नाही, आणि यात माझं कर्तृत्व काय, तर शेजार.

सिस्टर पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांनी गुलाबरावांच्या बायकोची पिशवी स्वतःच्या काखेत मारली, दुसऱ्या हातानं तिचा हात धरला, आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या माय, या. घाबरू नका. जागा आहे सगळ्याइले."